सारू नदीवरची तालीम

योकोहामा
१० सप्टेंबर २०१७

चारू,

मी तुला एवढी मोठी मेल लिहिली आणि तू उत्तर काय दिलंस, तर "ताई, आईला आणू नकोस." बास. ना कशी आहेस, ना नरेंद्र कसा आहे. व्हॉट्सअॅपवर तर तू मला कधीचंच म्यूट करून ठेवलंयस. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. पोस्टमन तुमच्या त्या नदीकाठच्या रस्त्यानं वळणं घेत येईल आणि पाकीट तुझ्या हातात ठेवेल, मग बघू कसं टाळतोस.

तर ऐक. मार्चमध्ये मी आईला घेऊन तुझ्याकडे न्यूझीलंडला येणार आहे. विचारत नाहीये, सांगते आहे.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. २०११च्या फेब्रुवारीत तुमचं क्राइस्टचर्चचं घर भूकंपात पडलं, आणि महिना व्हायच्या आत इथे आमची जमीन हलली. आई नाशिकला एकटी. तिनं मला फोन लावले, लागेपर्यंत लावले. तुला एकही नाही. का, तर तू तिला न सांगता लग्न केलंस, तेव्हा आधी तू करायला हवास. आणि तू बायकोला, मारामाला, आणि तान्ह्या मिरीला घेऊन रस्त्यावर उभा, तरी वाट बघत राहिलास की निदान आज तरी आई करेल. दोघंही एकाच मातीचे, त्यात नवल नाही. मारामाच्या माणसांनी तुम्हाला त्यांच्या नदीकाठच्या वस्तीवर नेलं, राहायला घर दिलं, आणि आपल्या आईनं "जिवंत आहेस ना" एवढंसुद्धा विचारलं नाही. मला त्याचा राग तेव्हाही आला होता, आजही येतो.

मग दोन वर्षांपूर्वी मारामानं हनुवटीवर माओरी पद्धतीचं गोंदवून घेतलं. तू हौसेनं फोटो पाठवलास. मी तुम्हा दोघांशी बोलत होते, फोन स्पीकरवर आहे हे आईच्या ध्यानात नव्हतं, आणि ती म्हणाली, "चांगलं तोंड होतं, त्याला काळं फासून घेतलं त्या बाईनं." अजूनही तिच्या तोंडी "ती बाई"च असते. नाव नाही, नातं नाही.

तुमच्याकडची रीत तू मला सांगितली होतीस. पाहुण्यानं वस्तीच्या फाटकाशी थांबायचं. आतून बाई लांब सुरात हाक घालते, मगच पाऊल टाकायचं. मग कपाळाला कपाळ, नाकाला नाक. तुझी भीती अशी की आई तिथे उभी राहून मारामाच्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी बोलून जाईल, आणि ते भाषा न कळताही सगळ्यांना कळेल. "माझ्या बायकोनं एकदा सोसलं, तिच्या स्वतःच्या दारात पुन्हा नको." अगदी बरोबर लिहिलंयस. मी तुझ्या जागी असते तर हेच लिहिलं असतं, वर चार शिव्या घातल्या असत्या.

पण आई सध्या माझ्याकडेच आहे, तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय आणि मिरी सात वर्षांची झाली. अजून दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही. हे असंच राहणार असेल तर मी थोरली कशाला झाले?

म्हणून मी ठरवलंय, आधी तालीम करायची. इथे वर उत्तरेला, होक्काइदोला, सारू नावाची नदी आहे. तुझ्या नदीच्या रस्त्यावर जशा माओरी वस्त्या, तशा हिच्या काठानं आयनूंच्या. तेही इथले मूळचे लोक, त्यांचीही रीतभात वेगळी, त्यांच्याही म्हाताऱ्या बायका तोंडाभोवती गोंदवून घ्यायच्या. आईला गाडीत घालते, नदीच्या रस्त्यानं नेते, परक्याच्या दारात कसं वागते ते बघते. नीट वागली तर तुझ्याकडे आणते.

नरेंद्र म्हणाला, "तुझ्या आईची तालीम? अगं, पहिल्या पाच मिनिटांत त्या दिग्दर्शक होतील." त्याला हसू दे.

ताई


निबुतानी, होक्काइदो
१४ ऑक्टोबर २०१७

चारू,

पोचलो. प्रवास छान, हवा छान, आई छान.

चितोसेला उतरून गाडी भाड्यानं घेतली, मीच चालवली. थोडा वेळ समुद्राच्या कडेनं गेलो. मग तोमिकावाला समुद्र सोडला आणि नदीचा रस्ता धरला. काय रस्ता आहे रे! नदी कधी या हाताला, कधी त्या हाताला. मेपल लाल झालेत, मधूनच टोमॅटोची प्लास्टिकची घरं, मधूनच कुरणात चरणारे घोडे, त्यांच्या पाठीवर झुली घातलेल्या. आई म्हणाली, "घोड्यांना स्वेटर आणि मला म्हणतेस एवढे कपडे कशाला घेतेस." इथे पन्नासच्या वर जायचं नाही, तर तिला वाटलं गाडीत काही बिघाड आहे. प्रत्येक पुलावर हात जोडत होती. नाशिकची सवय, पाणी दिसलं की हात आपोआप वर.

वाटेत तिला तुझ्या रस्त्याचं सांगितलं. तू टुरिस्टांना घेऊन जातोस, त्या वस्त्यांची नावं सांगितली. आतेने, कोरिनिती, रानाना, हिरुहारामा. पाद्र्यांच्या काळात अथेन्स, कॉरिंथ, लंडन, जेरुसलेम यांच्यावरून पडलेली. आई बराच वेळ हसत होती. "एका दुपारी अथेन्स, लंडन आणि जेरुसलेम? आपल्याकडचे टूरवालेसुद्धा एवढी फेकत नाहीत." मग म्हणाली, "रस्ता कसा आहे? कडेला कठडा आहे का?" मी म्हटलं, आता डांबरी झालाय, पण वळणं आहेत आणि खाली खोल नदी. "आणि हा रोज जातो?" रोज जातो, म्हटलं.

मग मी तिला लग्नातलं सांगितलं. की तिथे उभं राहून आपला डोंगर कुठला, आपली नदी कुठली, हे आधी सांगायचं असतं, आणि मग स्वतःचं नाव. तूही उभा राहिला होतास.

"गंगेचं नाव घेतलं त्यानं?"

"घेतलं. गोदावरी म्हणाला."

"गंगा म्हणायला काय झालं होतं? घरात काय म्हणतो आपण?" एवढंच बोलली, आणि पुढच्या दोन पुलांवर हात जोडायचे विसरली.

उतरलोय ती जागा एका आयनू बाईंची आहे, साकागुची-सान. सत्तरीच्या असतील. राहायच्या चार खोल्या, आणि मागं नदीच्या बाजूला त्यांच्या नवऱ्यानं हौसेनं बांधलेलं जुन्या पद्धतीचं गवताचं घर. शांत बाई, मोजकं बोलतात. आईला ओकासान, म्हणजे आईच, म्हणतात. आईनं त्यांना राजगिऱ्याचे लाडू दिले. जेवण चांगलं होतं. आईनं मासे बाजूला सारून भात आणि भोपळा खाल्ला.

त्या गवताच्या घराची एक खिडकी फार जुनी आहे, तिला हात लावायचा नाही. बाकी सगळं उत्तम. तालीम पास म्हणायला हरकत नाही.

ताई


चितोसे विमानतळ
१६ ऑक्टोबर २०१७

चारू,

परवाच्या पत्रात मी थाप मारली. ते चोवीस तासांच्या दुकानासमोरच्या पोस्टाच्या डब्यात टाकलं तेव्हाच कळलं होतं की दुसरं लिहावं लागणार. विमान उशिरा आहे, आई समोर बसून टोमॅटोचा रस पितेय. तेव्हा सगळं सांगते.

ती खिडकी मुळीच जुनी नाही.

झालं असं. पोचल्याबरोबर मी सामान काढत होते, तेवढ्यात आई मागं गेली. गवताचं घर दिसलं, दार बंद. आता आपली आई. बंद दार आणि बाजूला उघडी खिडकी दिसली की तिला काय वाटणार? मुखदर्शन! देऊळ बंद असलं की आपण खिडकीतून डोकावून हात जोडतोच ना. ही वळसा घालून गेली, कानटोपीसकट डोकं आत घातलं, हात जोडले, आणि चौकटीवर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. वर मोठ्यांदा म्हणाली, "आहे का कुणी?"

होत्या ना. साकागुची-सान आत चुलीपाशी बसल्या होत्या.

चारू, ती देवांची खिडकी. नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून ठेवलेली, कारण त्यांचे देव नदीच्या वरून येतात, आणि त्या खिडकीतून घरात येतात. तिच्यातून माणसानं डोकावायचं नाही. लहान मुलालासुद्धा आधी हेच शिकवतात. आणि तिथून आत आली कोण, तर आपली आई, कानटोपी घालून.

बाई ओरडल्या नाहीत. इथे कुणी ओरडत नाही, तेच तर वाईट. मला बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "ओकासानना माहीत नव्हतं, पण मला फार वाईट वाटलं." मी कमरेत वाकून वाकून माफी मागितली. आई लांबून बघत होती. "काय म्हणाली गं?" मी म्हटलं, "खिडकीचं लाकूड जुनं आहे, हात लावू नका म्हणतात."

जेवताना आईनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "सुचेता, ती इतकं बोलली आणि तू इतकंसं सांगितलंस. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आई, खरंच काही नाही."

"चारूच्या वस्तीवर माझं काही चुकलं, तर तिथेही तू मला लाकूड जुनं आहे सांगणार का?"

मग सांगितलं. सगळं. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आता रडते. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरले म्हण की." मग लगेच, "विचार तिला. नीट जायचं कसं असतं?"

साकागुची-सान भांडी उचलत होत्या. मी विचारलं. त्यांनाही जरा नवल वाटलं असावं. म्हणाल्या, आजीच्या काळी पाहुणा दाराबाहेर उभा राहून घसा खाकरायचा. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. आतली माणसं घर झाडायची, चटई घालायची, विस्तव नीट करायची. सगळं झालं की घरचं माणूस बाहेर यायचं आणि हाताला धरून आत न्यायचं.

"किती वेळ लागायचा?" आईनं विचारलं.

"घर तयार होईपर्यंत. घरच्या माणसाला घाई करायची नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आईचं अंथरूण रिकामं. बाहेर आले. ही इरकली नेसून, वर माझा गुडघ्यापर्यंतचा कोट घालून, त्या गवताच्या घरासमोर उभी. नदीवरून असा वारा येत होता की माझे दात वाजत होते. मी म्हटलं, आई, त्यांना कल्पना तरी आहे का? ती म्हणाली, "मी खाकरलेय." आणि तोंड फिरवलं.

मी शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली आणि मागं जाऊन उभी राहिले. आतून झाडल्याचा आवाज आला. मग थांबला. मग छपरातून धूर यायला लागला. आई गुडघ्यानं अधू, तुला माहीत नाही, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, पण जागची हलली नाही. मला त्या बाईंचा रागच यायला लागला होता. येतंय कुणी की नाही? आणि आपली आई, जी नाशिकला रेशनच्या रांगेत कधी कुणाच्या मागं उभी राहिली नाही, ती उभी!

शेवटी दार सरकलं. साकागुची-सान बाहेर आल्या, निळ्या नक्षीचा त्यांचा पूर्वीचा पोशाख घालून. म्हणून वेळ लागला होता. काही न बोलता त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि वाकून, पावलापावलानं तिला आत नेलं. चुलीच्या कडेला बसवलं. आईचे डोळे भरून आले. मला म्हणाली, "इतक्या मानानं मला कुणी घरात नेलं नव्हतं गं. लग्नात माप ओलांडतानासुद्धा सगळे आटपा आटपा करत होते."

मग त्यांनी विस्तवाला काहीतरी सांगितलं. इथे विस्तव हाच निरोप्या, बाकीच्या देवांना सांगायचं ते त्याच्यातर्फे. आईला हे एका क्षणात कळलं. "अग्नीला दिलं की पोचतं. त्यात काय सांगायचं," म्हणाली, जसं काही तिच्या माहेरचीच पद्धत.

भिंतीवर त्यांच्या आजीचा फोटो होता. ओठांभोवती गोंदण, गालापर्यंत गेलेलं. आई उठून जवळ गेली, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिली. मग आपल्या हनुवटीवरच्या त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून बाईंना म्हणाली, "माझं पण आहे. गोंदणारीण आली होती, मला चौघींनी धरून ठेवलं होतं. विचार गं हिला, हिच्या आजीला कुणी धरलं होतं का?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही. तेव्हा सरकारनं बंदी घातली होती. आजीनं तरीही गोंदवून घेतलं. पुढं माझ्या आईनं नाही घेतलं, मी नाही घेतलं. आम्हाला लोकांची लाज वाटायची." मग म्हणाल्या, "आजकाल कुणी चेहऱ्यावर गोंदवून घेऊन रस्त्यानं चालत असेल, तर मला तिला एकदा भेटायला आवडेल."

मी जसंच्या तसं सांगितलं. यावेळी एक शब्द गाळला नाही. आईनं विचारलं, "चारूच्या घरी... कुणी धरलं होतं का तिला?"

"नाही आई. तिनं स्वतःहून घेतलं."

"दुखलं असेल."

"असणारच."

"धीराची आहे," आई म्हणाली आणि चुलीकडे बघत बसली.

येताना नदीचा रस्ता संपला, समुद्र दिसला तेव्हा म्हणाली, "भूकंपाच्या वेळी मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. त्याचा नंबर पाठ होता मला. माझं चुकलं असं त्याला लिही." मी म्हटलं, लिहिते. तर लगेच, "नको, तू लिहू नकोस. तू पुन्हा लाकूड जुनं आहे असं काहीतरी लिहिशील. मी सांगेन तोंडानं."

तरी मी लिहिलंय. काय करायचं ते कर.

ताई


योकोहामा
२१ जानेवारी २०१८

चारू,

तीन महिने काही नाही, आणि मग एकदम फोटोशिवाय, नमस्काराशिवाय चार ओळी. तरी पण लिहिलंस. मी त्या ओळी स्वयंपाकघरात उभी राहून वाचल्या आणि भाजी करपवली.

तू लिहितोस, मारामाच्या आजींना तू सगळं वाचून दाखवलंस. खिडकीचंही. त्या खूप हसल्या, आणि मग म्हणाल्या, येऊ देत. पण सगळं रीतीनं. आडवाटेनं नाही, मुलाची आई म्हणून परस्पर स्वयंपाकघरातूनही नाही. फाटकाशी थांबायचं. हाक कधी घालायची ते आतले ठरवतील, आणि हाक मारामा घालेल. तिला घालावीशी वाटली तर. आजी तिच्यावर जबरदस्ती करणार नाहीत आणि तूही करणार नाहीस. "ती अजून हो म्हणालेली नाही, ताई. त्या दिवशी काय होईल मला माहीत नाही. आईला झेपणार नाही, अजून विचार कर."

मी केला विचार. दोन मिनिटं पुरली. तिकिटं काढली आहेत. १० मार्चला ऑकलंडला उतरतो, तिथून मी गाडी चालवत येते. एअरपोर्टला येऊ नकोस. तू भेटलास की आई तिथेच तुझ्या गळ्यात पडेल आणि मग फाटकाशी जाताना ती तुझी आई म्हणून जाईल, पाहुणी म्हणून नाही. हे माझं डोकं नाही, तिचंच. तुझ्या नदीच्या रस्त्यानं आम्ही दोघीच येऊ. तुला बघायचंच असेल तर आतून बघ.

तुझ्या ओळी मी आईला जशाच्या तशा वाचून दाखवल्या. "तिला घालावीशी वाटली तर" हेसुद्धा. नरेंद्र मला डोळ्यांनी खुणावत होता, हे कशाला वाचतेस म्हणून. मी वाचलं. पुष्कळ लाकूड जुनं करून झालं.

आई मटार सोलत होती. सोलत राहिली. म्हणाली, "बरोबर आहे तिचं. माझ्यासारखीला मीसुद्धा आत घेतलं नसतं." मग विचारलं, "हाक घातली की पाहुण्यांच्या बाजूनं काय करायचं असतं?"

मी म्हटलं, पाहुण्यांमधल्या एका बाईनं उत्तर द्यायचं असतं. त्यांच्या भाषेत, सुरात. चारूनं तिथली कुणीतरी बाई आपल्या बाजूनं ठरवून ठेवली तर ती देईल.

"त्या बाईनं त्यांच्या भाषेत द्यावं, रीतीप्रमाणे. पण मला हाक मारल्यावर मी मुकी कशी राहणार? मी मागून हळूच ओ देईन. चालेल का विचार त्याला."

तर विचारते आहे. चालेल का?

आणि एक. वय झालंय, गुडघा दुखतो म्हणून तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवशील. मी तुला ओळखते. ठेवू नकोस.

मी तिला सरळच विचारलं, "आई, आणि हाक आलीच नाही तर? एवढ्या लांब जाऊन संध्याकाळ झाली तरी?"

तिनं टरफलं कागदात गोळा केली, इथे ती वेगळी टाकायची असतात हे आता तिला पाठ झालंय, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नाही आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन उभी राहीन," म्हणाली. "माझ्या सुनेचं दार आहे ते."

ताई